दुपारी विझणारा दिवा

१

डॅशबोर्डवर दिवा लागला की माणसं दोनच गोष्टी करतात. एक तर त्याच्यावर चिकटपट्टी लावून मोकळी होतात, नाहीतर वायरवालीकडे येतात. चिकटपट्टीवालेही शेवटी वायरवालीकडेच येतात. पण तेव्हा त्यांना तिची बोलणी खावी लागतात, आणि ती बोलायला लागली की गिऱ्हाईक स्वतःच्याच गाडीची माफी मागतं.

वायरवाली म्हणजे उस्तादांची मुलगी. उस्ताद हे नाव बाजाराने ठेवलेलं. घरात ते बाबा. गॅरेज पुढे, घर मागे, मध्ये एक दार. हल्ली त्या दारात बाबांची चाकांची खुर्ची असायची आणि मांडीवर त्यांचा उजवा हात, ठेवून दिलेल्या हत्यारासारखा. अर्ध्या बाजारातली इंजिनं ज्या हाताने उघडली, त्या हाताला आता शर्टाचं बटण लागत नव्हतं. जीभही जड झाली होती. एक शब्द बाहेर काढायला त्यांना जेवढा वेळ लागे, तेवढ्यात पूर्वी ते एखाद्या मेकॅनिकचा यथासांग पाणउतारा करत.

गेल्या हिवाळ्यात ते स्वतःच्या गाडीने एकटेच शहराकडे चालले होते. डोंगरात, जिथून वापरात नसलेला जुना रस्ता डावीकडे फुटतो, तिथे गाडी उभी सापडली. इंजिन चालू, गाडीचं तोंड सरळ, बाबांचं तोंड वाकडं झालेलं आणि उजवी मूठ स्टेअरिंगवर आवळलेली. एका ट्रकवाल्याने ती बोटं एकेक करून सोडवली. डॉक्टर म्हणाले, झटका आला. बाकी सगळे म्हणाले, नशीब, गाडी रस्त्यावर राहिली.

गाडी तेव्हापासून कोपऱ्यात ताडपत्रीखाली होती. ती बाहेर काढायचं वायरवालीने ठरवलं ते बाबांच्या हातासाठी. शहरातल्या दवाखान्यात हाताच्या व्यायामाला त्यांना वरचेवर न्यायचं होतं. भाड्याच्या गाडीने नेऊन पाहिलं, तर ड्रायव्हरने त्यांना पोत्यासारखं उचलून आत टाकलं. घरी येईपर्यंत बाबांनी डोळे उघडले नाहीत, पण पापण्यांखालून पाणी येत होतं. तिला ते फार लागलं, आणि काही लागलं की तिला राग येतो.

"आपली गाडी असताना दुसऱ्याच्या गाडीत का बसायचं?" ती म्हणाली.

"ती... नको," बाबा म्हणाले.

"का नको?"

त्यांनी मान फिरवली.

"भंगारात घाल तिला," आत्या म्हणाली. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. भावाचं करायला म्हणून आली होती आणि घर ताब्यात घेऊन बसली होती. "माझ्या भावाला खाल्लं त्या गाडीने."

"भाऊ समोर बसलाय तुझा. जिवंत आहे, आणि ऐकतोय."

वायरवालीने किल्ली फिरवली. इंजिन तक्रार न करता लागलं. आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला: स्टेअरिंगचं चाक, शेजारी उद्गारचिन्ह.

२

या दिव्याचा पहिला संशयित म्हणजे बॅटरी. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत बसून ती अर्धी उतरली असणार. वायरवालीने नवी घातली, अर्थिंगचा बोल्ट घासून चकचकीत केला आणि जेवणं झाल्यावर गाडी चालू केली. दिवा विझला. लगेच इंजिन बंद करून हात पुसत ती वळली तर बाबा खुर्चीतच घोरत होते. जेवणानंतरची गोळी त्यांना अशीच गाढ झोपवायची.

"खाल्लं म्हणे," ती आत्याला म्हणाली. "उपाशी होती बिचारी. बॅटरी मागत होती."

चहाच्या वेळी गाडी पुन्हा चालू केली, तर दिवा पुन्हा हजर.

मग तिने फ्यूज बदलले, रिले बदलला, कनेक्टर उघडून साफ केले. प्रत्येक वेळी तेच. सकाळी दिवा लागलेला, दुपारी विझलेला, चहाला परत लागलेला. "दुपारचा झोपतो वाटतं दिवा तुझा," आत्या म्हणाली, "तुझ्या बापासारखा." वायरवाली हसली. पुढे हे वाक्य आठवलं तेव्हा तिला हसू आलं नाही.

दुसरा कुणी असता तर त्याने दिव्याची वायरच काढली असती. पण बाबांनी तिला लहानपणापासून एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली होती: दिवा विझवला म्हणजे दुरुस्ती झाली असं नाही, दिवा का लागला ते शोध. तेव्हा तिने गाडीतले सेन्सर वाचणारा स्कॅनर लावला आणि आकडे बघत सीटवर ठाण मांडलं.

हल्लीच्या गाड्यांत स्टेअरिंग फिरवायला एक मोटर मदत करते. हात किती जोर लावतोय हे मोटरला कळावं म्हणून स्टेअरिंगखालच्या दांड्यावर सेन्सर असतो, आणि तो खोटं बोलू नये म्हणून त्यात मोजणारे दोन असतात. दोघांची साक्ष जुळली तर मोटर मदत करते. जुळली नाही तर दिवा लागतो आणि मोटर बंद पडते. स्टेअरिंगला कुणाचा हातच नसेल, तर दोघांनी शून्य सांगायचं.

वायरवालीचे हात मांडीवर होते. एक मोजणारा सांगत होता, कुणीतरी डावीकडे ओढतंय. दुसरा सांगत होता, कुणीतरी उजवीकडे ओढतंय. तेवढ्याच जोराने.

दांडा एक, आणि एक दांडा एकाच वेळी दोन्हीकडे पिळला जात नाही. म्हणजे सेन्सर खराब, विषय मिटला. पण खराब सेन्सरचा आकडा एक तर गोठतो, नाहीतर पिसाळतो. हे आकडे हळूहळू चढत होते आणि हळूहळू उतरत होते, जोर लावणाऱ्या माणसाचा श्वास चालतो तसे. ती बराच वेळ बघत राहिली. मग स्वतःवरच वैतागून तिने स्कॅनर बंद केला.

भंगारवाल्याकडून तिने तसलाच अख्खा स्टेअरिंग कॉलम आणला.

"चांगला आहे ना?"

"ताई, त्या गाडीला मागून ठोकलंय. पुढचं सगळं कोरं आहे. नाही चालला तर आणून माझ्या डोक्यात घाला."

कॉलम बसवायला उजेड हवा म्हणून तिने गाडी वळवली. आधी तोंड रस्त्याकडे होतं, आता भिंतीकडे झालं. नवा दांडा, नवा सेन्सर, आणि तोच दिवा. फक्त आकड्यांची अदलाबदल झाली होती. डावीकडची ओढ उजवीकडे गेली होती, उजवीकडची डावीकडे.

वायरी उलट जोडल्या गेल्या असतील. तिने तपासल्या, नव्हत्या. मग तिने गाडी परत रस्त्याकडे वळवली, आणि आकड्यांनीही जागा बदलल्या. गाडीचं तोंड कुठेही करा, एक ओढ कायम डोंगराच्या बाजूला होती आणि दुसरी कायम तिच्या विरुद्ध.

तिच्या अंगावर काटा आला. काटा आला म्हणून तिला आणखी राग आला.

३

त्या दुपारी ती इंजिन चालू ठेवून गाडीतच बसून राहिली. हँडब्रेक ओढलेला, दिवा लागलेला. आरशात मागचं घराचं दार दिसत होतं, दारात बाबा. आत्याने त्यांना गोळी दिली, तोंड पुसलं आणि भांडी घेऊन आत गेली. बाबांची मान हळूहळू कलंडली.

तेव्हा वायरवालीला त्यांचा हात नीट दिसला. महिनोन्‌महिने मेलेला म्हणून सगळे जो सांभाळत होते, तो हात मांडीवर अर्धवट मूठ करून होता. झोप लागत गेली तशी ती मूठ सैल पडत गेली. शेवटचं बोट उलगडलं, आणि डॅशबोर्डवरचा दिवा विझला.

स्टेअरिंग फिरू लागलं.

धक्का नाही, झटका नाही. घाई नसलेला माणूस ओळखीच्या रस्त्याला वळतो तसं ते सावकाश डावीकडे फिरत गेलं. पुढचे टायर फरशीवर करकरले. तिने दोन्ही हातांनी धरलं, तर तिच्या हातांसकट ते फिरलं. मोटर त्याला मदत करत होती. दोन्ही साक्षी आता जुळल्या होत्या, तेव्हा गाडीच्या मते सगळं ठीक होतं. हँडब्रेक ओढलेला असताना गाडी बोटभर पुढे सरकली.

"बाबा," ती ओरडली.

त्यांनी दचकून डोळे उघडले. मांडीवरची मूठ वळली, इतकी घट्ट की बोटांची पेरं पांढरी पडली. दिवा लागला. स्टेअरिंग थांबलं, आणि जड ओझं ओढावं तसं हळूहळू सरळ झालं.

तिने किल्ली काढली. तिथेच बसून ती कारणं शोधू लागली. गोळीची वेळ, योगायोग, टायरमधली हवा, उताराची फरशी. फरशीला उतार नव्हता. ती फरशी तिनेच घातली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पुन्हा पाहिलं. पुन्हा तेच झालं, आणि तिच्या तर्काने हात टेकले.

मग तिला हाताच्या डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं. बाबांच्या दंडाला वायरी लावून, मशीनकडे बघत त्या गोंधळून म्हणाल्या होत्या, "आराम करताना स्नायू गप्प बसायला हवेत. यांचे बसतच नाहीत. दिवसभर ओझं वाहणाऱ्या माणसासारखा हात दमलाय, आणि करत तर काहीच नाही."

४

"बाबा, तुमचा हात मेलेला नाही," वायरवाली म्हणाली. ती त्यांच्या खुर्चीपुढे जमिनीवर बसली होती. "कामात आहे."

आत्या चहाचे कप घेऊन दारातच थबकली.

"हो," बाबा म्हणाले.

"हिवाळ्यापासून?"

"हो."

ट्रकवाल्याने स्टेअरिंगवरून सोडवली ती नुसती बोटं होती. पकड तिथेच राहिली होती. इतके महिने एक माणूस या खुर्चीत बसून एक गाडी धरून होता, आणि घरातले त्याला गप्प बसतो म्हणून रेडिओ लावून देत होते. तिला रडू आलं. तिने ते बाहीला पुसलं.

"दुसऱ्या बाजूने कोण ओढतंय?"

"बघितलं नाही. नुसता... हात."

"कुठे न्यायचंय त्याला?"

"डावीकडे. जुन्या... रस्त्याने."

"काय आहे तिकडे?"

"गेलो नाही," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या वाकड्या ओठाच्या कोपऱ्यात जुन्या उस्तादांचा तोरा क्षणभर दिसला.

"म्हणून तर म्हणते, भंगारात घाला," आत्या हळूच म्हणाली.

"आणि भंगारवाल्याने गाडी मशीनमध्ये घालून दाबली तर? ह्यांचा हात आत असताना?"

आत्याने कप खाली ठेवले आणि भिंतीला टेकून बसली.

"सोडा बाबा," वायरवाली म्हणाली. "मी धरते."

"नको. तुला... नेईल."

"मला नेऊन करणार काय? दोन दिवसांत परत आणून सोडेल."

"त्यात तथ्य आहे," आत्या म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण म्हणाली.

बाबा हसले नाहीत. ते तिचे हात बघत होते. मनगटं, अंगठे, कामाने रुंद झालेले पंजे. तिला गाडी शिकवताना ते शेजारच्या सीटवरून उजव्या हाताची दोन बोटं स्टेअरिंगला लावून ठेवत. सरळ रस्त्यावर ती बोटं कधी काढत नसत. सरळ रस्त्यावर कुणीही धरतं, म्हणत. काढत ती अवघड जागी, आणि न सांगता. वळण पार झाल्यावर तिला कळायचं की हे आपण एकटीने केलं.

"तिथे धर," बाबा अखेर म्हणाले. "त्या वळणाला. धरलंस तर... सोडतो."

"ठरलं," ती म्हणाली.

शहराचा रस्ता कुणाच्या बापाचा नव्हता. त्या रस्त्याने दवाखान्यात जाता येत होतं, आणि तिच्या बाबांना दवाखान्यात जायचं होतं. एवढी साधी गोष्ट अडवून धरणारा जो कुणी होता, त्याची भीती तिला वाटत होतीच. पण भीतीपेक्षा चीड जास्त होती. आजारी माणसाला महिनोन्‌महिने एका हातावर उभं ठेवायचं, याला काही लाजलज्जा आहे की नाही.

रात्र पडायच्या आत तिने स्टेअरिंगच्या मोटरच्या वायरीत एक स्विच टाकला. जुन्या ट्रॅक्टरचा, जाड खटक्याचा. गुडघ्याने दाबता येईल अशा जागी तो बसवला.

५

सकाळी चांगलं ऊन होतं. आत्याने बाबांना इस्त्रीचा शर्ट घातला, पट्टा लावला आणि गाडीच्या टपावर एक चापट मारली, म्हशीला मारावी तशी. "नीट घेऊन ये दोघांना," ती गाडीला म्हणाली. "नाहीतर माझ्याशी गाठ आहे."

गाव मागे पडलं. दिवा लागलेला होता, म्हणजे बाबा धरून होते. मोटर बंद म्हणून स्टेअरिंग जड होतं, पण शहाण्यासारखं चालत होतं. बाबा शेजारी सरळ बसले होते, उजवी मूठ मांडीवर. चढ लागला तशी त्या मुठीवरची शीर फुगली. त्यांच्या कपाळावर घाम आला. तिने विचारलं नाही. ती फक्त एका डोळ्याने रस्ता आणि एका डोळ्याने दिवा बघत होती. जन्मभर दिवे विझवायचं काम केलेली बाई आज एक दिवा लागून राहावा म्हणून मनातल्या मनात विनवण्या करत होती.

शेवटच्या वाकणानंतर ते वळण दिसलं. जुना रस्ता काही भयंकर नव्हता. गवत उगवलेला, खड्डे पडलेला, झाडीत शिरणारा एक रस्ता. कुणीतरी नुकतंच त्या गवतावरून गेल्यासारखं ते मध्ये दबलेलं होतं, इतकंच.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि मूठ उघडली.

दिवा विझला. स्टेअरिंग तिच्या पंज्यातून डावीकडे सटकलं आणि गाडीचं नाक जुन्या रस्त्याकडे फिरलं. तिने गुडघ्याने स्विच दाबला. खटका वाजला, दिवा परत लागला, मोटर मेली.

ओढ मेली नाही. फक्त आता तिला मोटरची मदत नव्हती.

"मदत घेऊन तर कुणीही ओढतं," वायरवाली दात आवळून म्हणाली. "आता ये."

तिने पाय टेकून, खांदे लावून, पाठ सीटवर रोवून उजवीकडे ओढलं. डावीकडचं पुढचं चाक गवतात गेलं. खडी उडाली, फांदी काचेवर घासली. स्टेअरिंग केसभर आलं, केसभर गेलं. तिचे दंड भरून आले. त्यात राग होता, हिवाळ्यापासूनचा सगळा राग, बाबांच्या बटणांचा, पापण्यांखालच्या पाण्याचा. ती तो सगळा मनगटात घेऊन ओढत राहिली.

तेवढ्यात तिच्या डाव्या हाताशेजारी एक हात आला. सुरकुतलेला, कमजोर, घामाने ओला आणि ऊन. बाबांचा उजवा हात. गेल्या हिवाळ्यानंतर पहिल्यांदा तो त्यांच्या अंगाबरोबर हलला होता. त्यांनी बोटं वळवली आणि मुलीबरोबर ओढायला सुरुवात केली.

तिने एकदाच खाली पाहिलं. स्टेअरिंगवर तिचे दोन हात होते आणि बाबांचा एक. आणि त्यांच्यामध्ये आणखी चार बोटं होती, पलीकडच्या बाजूने, डॅशबोर्डच्या आतून येऊन वळलेली, नखं त्यांच्याकडे. स्वच्छ नखं, काळजीपूर्वक कापलेली.

तिने वर बघितलं आणि ओढलं. पुढचं चाक गवतातून निघून डांबरावर आलं, मागचंही आलं. वळण मागे गेलं. स्टेअरिंग एकदम हलकं झालं. ती पुन्हा खाली बघायला तयार नव्हती, पण तिने बघितलं. तीन हात होते.

पुढच्या उताराला तिने गाडी बाजूला घेतली. बाबा स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरून उलटसुलट करून बघत होते. मग त्यांनी त्याच हाताने नाक खाजवलं. बराच वेळ खाजवलं.

"हिवाळ्यापासून... खाजत होतं," ते म्हणाले. वायरवाली हसली आणि हसता हसता रडली.

६

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाबांना मऊ चेंडू दाबायला दिला. त्यांनी तो दाबला. बाईंनी मशीन लावलं, आकडे वाचले, पुन्हा वाचले. "आता गप्प बसतायत स्नायू," त्या म्हणाल्या. "काय केलंत?"

"गाडी दुरुस्त केली," वायरवाली म्हणाली.

बाहेर आल्यावर तिने बाबांना स्वतः उचलून सीटवर बसवलं. या वेळी त्यांनी दाराची कड धरून तिला हात दिला. तिने स्विच बंदच ठेवला. किल्ली फिरवली, दिवा लागला. पार्किंगवाला वाकून म्हणाला, "मॅडम, स्टेअरिंगचा दिवा लागलाय. दाखवून घ्या."

"असू दे," ती म्हणाली. "मला मोटरची मदत नको आहे."

पण गाडी तिने लगेच काढली नाही. घरी जायला तोच एक रस्ता होता. आणि येताना डावीकडे असलेलं ते वळण, जाताना उजवीकडे येणार होतं. तिच्या खिडकीच्या बाजूला. तिने काच वर केली. काच आधीच वर होती.

हात स्टेअरिंगवर ठेवले तर ते थंड लागलं, आणि उजव्या अंगाला अगदी बारीक ओढ जाणवली. जोर नव्हता. नुसतं तिथे असल्याचं कळवल्यासारखी.

बाबांनाही ते कळलं असावं. त्यांनी शर्टाची बाही सारखी केली, वरचं सुटलेलं बटण उजव्या हाताने लावायचा प्रयत्न केला, दोनदा चुकले आणि लावलं. मग तोच हात पुढे करून त्यांनी दोन बोटं स्टेअरिंगला टेकवली, पूर्वी टेकवत तशी.

"ही बोटं काढणार कधी?" तिने विचारलं.

"या वेळी... नाही," बाबा म्हणाले. "चल."

तिने गिअर टाकला.